बाईच्या हातचा किलो

स्त्री-पुरुष समानतेला आमच्या निर्मळच्या घरमालकिणीने जेवढा कडाडून विरोध केला, तेवढा जगातल्या कुठल्याही पुरुषाने केला नसेल. तिचं म्हणणं सरळ होतं. पुरुषांना उचलून बायकांच्या बरोबरीला बसवावं, असं त्यांनी केलंय तरी काय? आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांमध्ये गड्याची मजुरी जास्त आणि बाईची कमी, हा सूर्य पूर्वेला उगवण्याइतका ठरलेला नियम होता. पुरोगामी विचारांची माणसं त्याबद्दल हळहळायची आणि हळहळून झाल्यावर तेवढीच मजुरी द्यायची. आमच्या घरमालकिणीच्या वाडीत मात्र बायांची मजुरी जास्त आणि गड्यांची कमी. कोणी कारण विचारलं, तर ती विचारणाऱ्याला आधी नीट न्याहाळायची आणि तो पुरुष असेल तर म्हणायची, "तुला सांगून कळायचं असतं, तर तू विचारलंच नसतंस."

तिच्याकडे आम्ही भाडेकरू म्हणून गेलो ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. मी देशावरचा, वसईतल्या एका कचेरीत कारकून. बायको तिथल्याच एका खासगी शाळेत शिक्षिका. लग्न नुकतंच झालेलं, खिसा बेताचा, म्हणून जागा शोधत शोधत निर्मळला पोचलो. पुढे लांबलचक ओटी, मागे केळी, मोगरा आणि भाजीची वाडी, वाडीच्या टोकाला बावखल म्हणतात ते पाण्याने भरलेलं छोटं तळं, आणि घराच्या कुशीला भाड्याच्या दोन खोल्या. घरमालकीण पन्नाशी उलटलेली, लुगडं चापूनचोपून नेसलेली, कमरेवर हात ठेवून उभी. तिने मुलाखत घेतली ती फक्त माझ्या बायकोची. कुठे काम करतेस, किती वाजता निघतेस, पगार वेळेवर होतो का, सगळं विचारून झाल्यावर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि हा काय करतो?" कारकून आहे असं कळल्यावर तिने 'असू दे' अशा अर्थाची मान हलवली आणि पुढची सगळी वर्षं मला 'कारकून' अशीच हाक मारली. आम्ही तिला गावासारखं 'बाय' म्हणायला लागलो. मी सुरुवातीला अहो-जाहो करत होतो, तर तिने तेही बंद पाडलं. "अहो-जाहो फादरना कर. मला पाणी कधी सोडायचं ते विचार," म्हणाली. आमच्याशी ती शाळेत शिकलेली मराठी बोलायची. शिव्या मात्र घरच्या बोलीत द्यायची. त्या बोलीतलं मला शेवटपर्यंत काही कळलं नाही, पण शिव्या सगळ्या पोचल्या.

बायांना जास्त मजुरी देण्यामागचं तिचं शास्त्र मला दोनेक महिन्यांनी समजलं. त्याचा उगम देवळाच्या घंटेत होता. गावातली ख्रिस्ती मंडळी चर्चला देऊळच म्हणतात. त्या देवळाची घंटा दुपारी बाराला वाजायची आणि घंटा वाजली की हातातलं काम सोडून छोटीशी प्रार्थना म्हणायची पद्धत होती. गडी टोपी काढून, माना खाली घालून उभे राहायचे. त्यातले निम्मे शेजारच्या गास गावाहून येणारे हिंदू होते, पण परधर्माबद्दलचा इतका आदर मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. घंटा थांबली तरी यांचा आदर संपायचा नाही. माना खालीच. मग कोणीतरी विडी काढायचा, कोणी सावली शोधायचा, आणि प्रार्थना हळूहळू जेवणात, जेवण झोपेत विरघळून जायचं. बाया मात्र ओठांनी प्रार्थना म्हणायच्या आणि हातांनी पालेभाजीच्या जुड्या बांधत राहायच्या. बायसुद्धा तसंच करायची. मी एकदा विचारलं, "देवासाठी तरी हात थांबवावेत ना?" तर म्हणाली, "हात थांबवले की देवाला वाटतं हिला आज काम नाही. मग तो आणखी काम पाठवतो." थोडक्यात, बायांचा दिवस गड्यांच्या दिवसापेक्षा लांब होता आणि मजुरी दिवसाची होती. यात सुधारणा, चळवळ वगैरे काही नव्हतं. नुसता रोजचा हिशेब होता, आणि तो तिने कधी कोणाकडून तपासून घेतला नाही.

खरी गंमत झाली ती आमच्या घरातल्या पगारावरून. बायकोला शाळेत बरोबरीच्या पुरुष शिक्षकांपेक्षा पाव हिस्सा पगार कमी होता. तेच वर्ग, तेवढेच तास, वह्यांचे तेवढेच गठ्ठे. शाळेच्या सेक्रेटरींना तिने विचारलं तेव्हा ते अतिशय मायेने म्हणाले, "बाई, पुरुषांना संसार असतो." माझी बायको घरी येऊन रडली नाही. तिने कांदा चिरायला घेतला आणि तो इतका बारीक चिरला की मी ओटीवर जाऊन बसलो. बायने कांद्याचा आवाज ऐकला, आत गेली आणि सगळं काढून घेतलं. मला वाटलं, आता ही शाळेत जाऊन राडा घालणार. तसं काही झालं नाही. सेक्रेटरी दर रविवारी देवळातली मिस्सा संपल्यावर नाक्यावर तिच्या टोपलीपाशी भाजी घ्यायला यायचे. त्या रविवारी त्यांनी किलोभर वांगी मागितली. बायने काट्यात पाऊण किलो तोलली, पिशवीत घातली आणि पैसे किलोचे मागितले. सेक्रेटरी म्हणाले, "बाय, हा पाऊण किलो झाला." बाय शांतपणे म्हणाली, "बरोबर. बाईच्या हातचा किलो आहे ना, तो पाऊणच भरतो. तुमच्या शाळेतून शिकून आले." सगळा नाका ऐकत होता. सेक्रेटरींनी पिशवी तिथेच ठेवली आणि पलीकडच्या टोपलीकडे वळले. पलीकडे बायची नणंद बसली होती. तिनेही पाऊणच तोललं. त्या दिवशी सेक्रेटरींच्या घरी वरण-भात झाला असावा. पुढच्या वर्षी शिक्षकांचे आणि शिक्षिकांचे पगार सारखे झाले. शाळेने त्याचं श्रेय व्यवस्थापनाच्या दूरदृष्टीला दिलं. बायने मात्र पगार सारखे झाल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी सेक्रेटरींना वांगी भरघोस किलो तोलून दिली आणि वर दोन जास्तीची टाकली.

या गोष्टीचा गावात बोलबाला झाल्यामुळे महिला मंडळाने तिला एका कार्यक्रमात व्यासपीठावर बसवलं. विषय होता महिला सबलीकरण. मुंबईहून एक विदुषी आल्या होत्या. त्या छान बोलल्या. निर्णयप्रक्रियेतला सहभाग, श्रमाचं मूल्य, असं बरंच काही. मध्ये एकदा बायकडे हात करून म्हणाल्या, "अशा भगिनींना आपल्याला सबल करायचं आहे." बायने ते ऐकून मागे वळून पाहिलं, ही भगिनी कोण म्हणून. भाषण संपल्यावर 'कोणाला काही विचारायचं आहे का' असं अध्यक्षांनी उगाच म्हणायचं म्हणून म्हटलं आणि बाय उठली. "बाई, या भाषणाचं तुम्हाला मानधन किती मिळालं?" विदुषी गोड हसून म्हणाल्या, "छे, मी हे सेवा म्हणून करते." बाय अध्यक्षांकडे वळली. "आणि गेल्या महिन्यात तो बचतीवर बोलायला साहेब आला होता, त्याला पाकीट दिलंत ते?" अध्यक्ष म्हणाल्या, "ते साहेब लांबून आले होते." विदुषी हळूच म्हणाल्या, "मी त्यांच्याच शेजारच्या इमारतीत राहते." मग मंडळात कुजबुज झाली, धावपळ झाली, पाकीट सापडेना, शेवटी विदुषींना केळ्यांचं एक आख्खं लोंगर देण्यात आलं. ते बायच्याच वाडीतलं होतं आणि विदुषींना उचलवत नव्हतं. मी आणि बायको ते रिक्षापर्यंत घेऊन गेलो. बाय मागून म्हणत होती, "मूल्य म्हणजे वजन असतं, बाई. आलं का हातात?"

आता एवढी बाई म्हटल्यावर तिचा नवरा कसा असेल, असं कोणालाही वाटेल. घरमालक फक्त पदाने घरमालक होते. वाडी त्यांच्या वडिलांकडून त्यांच्या नावावर आली होती, पण वाडीत कुठे काय लावलंय हे त्यांना ताटात आल्यावर कळायचं. मुंबईतल्या एका कंपनीत आयुष्यभर नोकरी करून ते निवृत्त झाले होते आणि ओटीवरच्या आरामखुर्चीत पेपर वाचत बसायचे. त्यांच्या डोक्यावर भिंतीवर कंपनीने निरोप समारंभात दिलेलं घड्याळ होतं, खाली पितळी पट्टी आणि पट्टीवर त्यांचं नाव कोरलेलं. त्या समारंभाचं वर्णन ते माझ्याजवळ अधूनमधून करायचे. मोठे साहेब उभे राहून बोलले, हार घातला, सगळ्या स्टाफने टाळ्या वाजवल्या, दुसऱ्या दिवशीपासून सकाळी उठायचं नाही. ते सांगत असताना बाय डोक्यावर टोपली घेऊन पुढ्यातून जायची आणि म्हणायची, "खुर्चीत बसायला गेला, खुर्चीत बसून आला आणि बसून राहिल्याबद्दल घड्याळ घेऊन आला." आम्ही हसायचो. माझी बायको हसायची नाही. एकदा मला म्हणाली, "तुझ्या लक्षात येत नाही का? रोज पुसते ती ते घड्याळ. तिला तसा समारंभ हवाय."

हे खरं असल्याचं कळलं ते गड्यांनी संप केला तेव्हा. संपाची मागणी अशी होती की आम्हाला बायांएवढी मजुरी मिळालीच पाहिजे. समान काम, समान दाम, ही घोषणा पुरुषांनी बायकांच्या विरुद्ध दिल्याचं उदाहरण जगाच्या इतिहासात दुसरं असेल तर मला माहीत नाही. एका शनिवारी संध्याकाळी, मजुरी वाटायच्या वेळी, सगळे गडी ओटीसमोर येऊन उभे राहिले. एका बाजूला बाया बसल्या. मला खुर्ची देऊन मध्ये बसवण्यात आलं, कारण मी सरकारी कागद हाताळणारा माणूस होतो. घरमालक आपल्या जागी पेपरमागे होते. थोरला गडी पुढे झाला. "बाय, आमी पन मानसंच हाव. बायांना येक आनि आमाला दुसरा दर, ह्यो कंचा न्याय?"

"तुम्ही काम काय जास्त करता ते सांग," बाय म्हणाली.

"आमी जड वजन उचलतो."

"म्हैस तुझ्यापेक्षा जड उचलते. तिला मी पेंढा घालते."

बाया हसल्या. थोरला गडी चिडला. "आमाला घर चालवायचं असतंय."

"घर तू चालवतोस? मग घरातले तांदूळ संपले हे तुला कधी कळतं?"

गडी खरं बोलणारा माणूस होता. थोडा विचार करून म्हणाला, "ताटात नसले की." यावर बायांमध्ये असा हशा पिकला की संप तिथेच मोडायचा. माझ्या मनात निकाल तयार होता. पण थोरल्या गड्याला हसणं लागलं असावं. तो मागे वळला, पुन्हा फिरला आणि म्हणाला, "बरं, बायांचं काम मोठं, बायांचा दर मोठा. मंग बाय, सगल्यांच्या आदी तू येतेस आनि सगल्यांच्या मागून जातेस. तुला कोन किती देतो?"

"मला कोण देणार? मी मालकीण आहे."

"वाडी तर मालकांच्या नावावर हाय," गडी म्हणाला. तो कुचकेपणाने म्हणाला नाही. गावात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट त्याने सांगितली. पण बायने कमरेवरचे हात खाली घेतले. तिला असं मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि सांगायला हरकत नाही, मला ते अजिबात आवडलं नाही. घरमालकांचा पेपर हळूहळू खाली आला. बायने सगळ्या गड्यांना त्या दिवसापासून बायांएवढी मजुरी देऊन टाकली, एकही शिवी न घालता, आणि आत निघून गेली. जिंकलेले गडी घाबरून गेले. थोरला गडी मला विचारत होता, "माजं काय चुकलं का?"

बाय आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली होती. बायकोने चहा पुढे केला. तो तिने घेतला नाही. म्हणाली, "मजुरी नाही म्हणजे मी कामावरच नाही. कामावर नाही तर निवृत्त कशातून होणार मी? मला वाटायचं, कधीतरी मीपण." माझी बायको तिच्याशेजारी जमिनीवर बसली. मला तिथून कुठे जावं ते कळेना.

पुढच्या शनिवारी बाय मजुरी वाटायच्या टेबलापाशी बसलीच नाही. तिने आरामखुर्चीतून घरमालकांना उठवलं, टेबलामागे बसवलं, पैशांचा डबा त्यांच्यासमोर ठेवला आणि स्वतः रांगेत सगळ्यात शेवटी, शेवंती नावाच्या फुलं खुडणाऱ्या बाईच्या मागे जाऊन उभी राहिली. घरमालकांनी सगळ्यांना मजुरी वाटली. शेवटी तिने हात पुढे केला. "किती?" त्यांनी विचारलं. "जो सगळ्यांचा दर तोच," बाय म्हणाली. त्यांनी दिले. तिने पैसे मोजून कनवटीला लावले आणि चुलीपाशी गेली. तेव्हापासून दर शनिवारी हाच प्रकार. काही महिन्यांनी ती त्यांच्याशी भांडायला लागली. वाढ पाहिजे, सणाचा बोनस पाहिजे, बावखलातून पाणी काढायच्या मोटरचा आवाज मोठा येतो त्याचं काहीतरी बघा. घरमालक टेबलामागे बसून "विचार करू" म्हणायचे, कारण त्यांच्या साहेबांनी त्यांना आयुष्यभर तेच सांगितलं होतं. यावर बायने जे काही सुनावलं ते घरच्या बोलीत होतं. वाढ मिळाली. रांगेतल्या सगळ्यांनाच मिळाली, कारण दर एकच होता. थोरला गडी मला खासगीत म्हणाला, "बाय रांगेत हाय तंवर आमाला काय काळजी नाय."

पुढे आम्हाला मुलगी झाली, खोल्या अपुऱ्या पडायला लागल्या आणि बोळिंजला एका इमारतीत फ्लॅट घेतला. बायने फ्लॅट पाहिला, नळ सोडून बघितला आणि विचारलं, "नावावर कोणाच्या?" "दोघांच्या," मी म्हटलं. "तिचं नाव आधी आहे का नंतर?" नंतर होतं. मी बाल्कनीकडे गेलो.

तिचे गुडघे गेले ते दोन हजार सालानंतर. तरी ती जायची वाडीत, एक हात केळीवर ठेवत ठेवत. मग एके दिवशी कचेरीत घरमालकांचा फोन आला. त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा फोन केला होता. "येत्या शनिवारी या. कार्यक्रम आहे. तिला सांगू नका."

ओटीवर खुर्च्या मांडल्या होत्या. गडी, बाया, नणंद, शाळेचे सेक्रेटरीसुद्धा. बाय नेहमीसारखी रांगेत शेवटी उभी राहिली, तर रांग बाजूला झाली आणि घरमालक टेबलामागून उभे राहिले. त्यांनी कोट घातला होता. त्यांना भाषण ठाऊक होतं ते एकच, त्यांच्या साहेबांनी केलेलं. तेच त्यांनी म्हटलं. दीर्घ आणि निष्ठावान सेवा. एकही खाडा नाही. सहकाऱ्यांशी वागणूक, इथे ते जरा अडखळले, आणि पुढे गेले. शेवटी म्हणाले, "आमची कंपनी..." थांबले. "ही वाडी तुमची ऋणी राहील. आणि मीपण." तिला ते कधी 'तुम्ही' म्हणाले नव्हते. शेवंतीने हार घातला. मग घरमालकांनी वळून भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि बायच्या हातात दिलं. खालची पितळी पट्टी नवी होती. त्यांनी ती वसईला जाऊन बदलून आणली होती आणि तिच्यावर बायचं नाव कोरलेलं होतं. इतकी वर्षं तिच्या घरात राहून मी ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. माझ्या बायकोच्या डोळ्यांना पाणी होतं आणि माझ्याही. बायने पट्टीवरून अंगठा फिरवला, टाळ्या थांबायची वाट पाहिली आणि म्हणाली, "तुझ्या वेळी साहेब जास्त वेळ बोलला होता, असं सांगायचास तू."

दुसऱ्या आठवड्यात मी सहज म्हणून गेलो. बाय आरामखुर्चीत बसली होती. डोक्यावर तिचं घड्याळ. घरमालक वाडीत होते आणि शेवंती त्यांना जुडी कशी बांधायची ते दाखवत होती. बाराची घंटा झाली. वाडीत गड्यांनी टोप्या काढल्या, बायांचे ओठ हलायला लागले आणि हात चालू राहिले. बायचेही ओठ हलत होते. हात मात्र मांडीवर पालथे पडलेले होते, बोटांच्या पेरांवर मातीच्या काळ्या रेघा, ज्या धुवून जात नाहीत. मी ते हात असे कधी पाहिले नव्हते. प्रार्थना संपवून तिने छातीवर क्रुसाची खूण केली आणि मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

"बघतोस काय, कारकून? आज पुरुषांसारखी म्हटली. हात थांबवून."

"कशी वाटली?"

तिने वाडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "फार लांब असते रे ती."